काठी, चष्मा आणि वाचनालय

सकाळचे आठ वाजायला पाच मिनिटे कमी असतात. वाचनालयाचे लोखंडी दार अजून उघडलेले नसते. पण पायरीवर चार-पाच मंडळी केव्हाची हजर असतात. एकाच्या हातात काठी, दुसऱ्याच्या डोक्याला कानटोपी, तिसऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात दोन चष्म्यांचा फुगवटा. एक लांबचे पाहावयाचा, एक जवळचे वाचावयाचा! शिपाई येतो, कुलूप काढतो आणि ही मंडळी आपापल्या ठरलेल्या जागी जाऊन बसतात. या जागा कोणी कोणाला नेमून दिलेल्या नसतात. पण त्यांवर एखादा कॉलेजातला पोरगा चुकून बसला, तर त्याच्याकडे असे काही पाहिले जाते की, तो बिचारा आपण होऊनच उठतो. मग वर्तमानपत्राची पाने सुटी होतात. अग्रलेखाचे पान एकाकडे जाते, बाजारभावाचे दुसऱ्याकडे. आणि निधनवार्तांच्या पानासाठी मात्र, हसू नका वाचकहो, चक्क रांग लागते.

महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरातल्या सार्वजनिक वाचनालयात सकाळी डोकावा, थोड्याफार फरकाने हेच दृश्य दिसेल. आपण ते पाहतो, जरासे हसतो आणि म्हणतो, "म्हातारपणी वेळ जात नाही हो, म्हणून येऊन बसतात झाले!" मीही असेच म्हणत असे. पण दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात असे काही घडले की, ते वाक्य उच्चारण्याची मला आता लाज वाटते.

आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका माध्यमिक शाळेत तेहेतीस वर्षे भूमिती शिकवली. निवृत्तीनंतर सकाळी फिरणे आणि येताना वाचनालय हा त्यांचा नेम. दर नोव्हेंबरात पेन्शनरांना आपण जिवंत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. पूर्वी कागदावर सही केली की भागत असे. हल्ली यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो. अण्णांनी ठेवला. यंत्राने तो ओळखला नाही. दुसरा ठेवला, तोही ओळखला नाही. म्हातारपणी बोटांच्या रेषा पुसट होतात. त्यात यांची तेहेतीस वर्षे खडूत गेलेली! "आजोबा, उद्या या," असे त्यांना सांगण्यात आले. ते उद्या गेले, परवाही गेले. चौथ्या दिवशी गेले नाहीत. पुढे दोन महिने पेन्शन जमा झाली नाही.

यातले एक अक्षरही मला ठाऊक नव्हते. एकाच घरात आम्ही राहतो, एकाच पंक्तीला जेवतो, आणि तरी ठाऊक नव्हते. कळले ते असे. एका संध्याकाळी मी वाचनालयाच्या देवघेव विभागात पुस्तक परत करावयास गेलो, तेव्हा तिथल्या ग्रंथपाल ताईंनी सहज विचारले,

"काय हो सर, गुरुजींची पेन्शन जमा झाली का?"

"म्हणजे? कुठे अडकली होती?" मी विचारले.

ताईंच्या ध्यानात सारे आले. त्या अवघडल्या. पण बोलणे तोंडातून निघून गेले होते.

घडले होते ते एवढेच. अण्णांनी एके दिवशी देवघेवीच्या टेबलाशी जाऊन हळूच विचारले होते, "ताई, पेन्शनच्या नियमांचे एखादे पुस्तक आहे का?" पुस्तक नव्हते. परंतु पुस्तक मागणाऱ्याला मुळात काय हवे असते, हे चांगल्या ग्रंथपालाला कळते. ताईंनी चार प्रश्न विचारून घोटाळा कुठे आहे ते काढून घेतले. मग कात्रणांच्या फायलीतून एक कात्रण काढले. हा दाखला घरबसल्या काढण्याची 'जीवन प्रमाण' नावाची सोय केंद्र सरकारने २०१४ साली सुरू केली आणि २०२१ पासून अंगठ्याऐवजी चेहरा दाखवूनही ती वापरता येते, असे त्यात होते. पोस्टमनही थोडे शुल्क घेऊन दारी येतो व दाखला काढून देतो, हेही होते. मग ताईंनी अण्णांच्याच मोबाईलवर, अण्णांच्याच हातून, सारी खटपट करविली. यंत्राने डोळे मिचकावावयास सांगितले, तेव्हा अण्णांनी इतक्या जोराने मिचकावले म्हणे की, बाजूला वाचत बसलेली मंडळीही हसली.

रात्री मी अण्णांना विचारले, "मला का नाही सांगितलेत?"

"तू दमून येतोस," ते म्हणाले. नंतर थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "शिवाय तू काय करतोस? फोन माझ्या हातातून घेतोस, दोन मिनिटांत करून टाकतोस आणि परत देतोस. काय केलेस ते मला कळत नाही. त्या ताईंनी मला करायला लावले. पुढच्या वर्षी माझे मी करीन."

वाचकहो, हा सारा लेख मी या दोन वाक्यांसाठी लिहीत आहे. म्हातारपणी माणसाला प्रश्न थोडे पडत नाहीत. पण ते विचारावयाचे कोणाला, हा त्याहून मोठा प्रश्न असतो. मुलाला विचारावे तर आपण भार झालो असे वाटते. कचेरीत विचारावे तर "उद्या या". शेजाऱ्याला विचारावे तर घरचे बाहेर जाते. अशा वेळी, जिथे प्रश्न विचारणे हाच सभासदाचा हक्क आहे, अशी एकच सार्वजनिक जागा उरते, आणि ती म्हणजे वाचनालय. तिथे कोणी तुमचे उत्पन्न विचारीत नाही, दुखणे विचारीत नाही, आणि काही न घेता उठून गेलात तरी कोणी कपाळाला आठी घालीत नाही.

वयोवृद्ध वाचनालये

आमच्या महाराष्ट्रात वाचनालयांना तोटा नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे. पुण्याच्या नगर वाचन मंदिराचा जन्म १८४८ सालच्या 'नेटिव्ह जनरल लायब्ररी'तून झाला. कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे यांनी ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली उभे केले आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली स्थापन झाले. तेव्हा वाचक वृद्ध आहेत म्हणून कोणी नाके मुरडावयास नकोत. आमची वाचनालये त्यांच्याहून कितीतरी वृद्ध आहेत!

ही सारी लोकांनी वर्गणी काढून, दारोदार हिंडून उभी केलेली घरे. ग्रंथालयांचा कायदा प्रथम केला तो कोल्हापूर संस्थानाने, १९४५ साली. मद्रासचा कायदा १९४८ चा. आपल्या राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ साली झाला. त्या कायद्याने लोकांच्या ग्रंथालयांना सरकारी मान्यता व अनुदान मिळू लागले आणि त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले. वर्ग ठरतो तो ग्रंथ किती, सभासद किती, नियतकालिके किती आणि दार किती तास उघडे, यांवर. हे मोजमाप आवश्यकच आहे. पण त्यात एक रकाना नाही: या वर्षी किती लोकांनी प्रश्न विचारले आणि कितींना उत्तर मिळाले? अण्णांना मिळालेले ते कात्रण कोणत्याही दाखल नोंदवहीत चढलेले नाही. ताईंनी त्या दिवशी दिलेला पाऊण तास कोणत्याही अहवालात येणार नाही. ग्रंथालयांतील कर्मचाऱ्यांना मिळणारे वेतन तुटपुंजे आहे ही तर वर्षानुवर्षांची तक्रार. त्यात हे काम बिनपगारी आणि बिननोंदीचे.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली आपली पंचसूत्रे मांडली. ग्रंथ हे उपयोगासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा आणि वाचकाचा वेळ वाया जाऊ नये, हा त्यांतल्या काही सूत्रांचा आशय. ही सूत्रे ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत सगळेच पाठ म्हणून दाखवितात. पण 'प्रत्येक वाचक' म्हटले की, ज्याचे डोळे अधू आहेत तोही वाचक, ज्याला जिना चढवत नाही तोही वाचक, आणि ज्याला नेमके काय विचारावे हेच सुचत नाही तोही वाचक. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेली माणसे एक कोटी अकरा लाखांच्या आसपास होती. एवढ्या वाचकांना दाराबाहेर ठेवून सूत्र पुरे कसे होणार?

पोथीचा टाईप

प्रथम डोळ्यांचे पाहू. चाळिशी लागते तेव्हा आपण पुस्तक हातभर लांब धरतो. पुढे हात पुरत नाही. साठीनंतर बाहुली लहान होते, डोळ्यातले भिंग पिवळसर होते, आणि मग विशीतल्या पोराला जेवढा उजेड पुरतो त्याच्या कितीतरी पट उजेड आजोबांना लागतो. मोतीबिंदू असेल तर गुळगुळीत कागदावरची चकाकी डोळ्यांत घुसते. (आमच्या दिवाळी अंकांचे संपादक इकडे लक्ष देतील काय?) आणि आमच्या बहुतेक वाचनालयांत दिवा कुठे? छताला, पंख्याच्या वर! पाते फिरते तशी ओळींवरून सावली फिरते.

इंग्लंडात फ्रेडरिक थॉर्प नावाच्या गृहस्थांनी १९६४ साली म्हाताऱ्या वाचकांसाठी मोठ्या टाईपातली पुस्तके काढावयास प्रारंभ केला. आता तिकडे अशा पुस्तकांची स्वतंत्र कपाटेच असतात. साध्या कादंबरीचा टाईप अकरा-बारा पॉइंटांचा, तर यांचा सोळा किंवा त्याहून मोठा. हे वाचून आपल्याला वाटते, काय ही विलायती सुधारणा! पण जरा आपल्या देवघरात डोकावा. गुरुचरित्र, दासबोध, हरिविजय यांच्या 'मोठ्या टाईपातल्या' पोथ्या आपण किती वर्षे विकत घेत आलो आहोत? पोथी वाचणारा बहुधा म्हातारा असतो, तो तेलाच्या दिव्यापाशी बसतो, हे आमच्या जुन्या छापखानेवाल्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून अक्षर ठसठशीत, ओळीत मोकळी जागा, पाने सुटी आणि हलकी. म्हणजे परमार्थ मोठ्या अक्षरांत आणि प्रपंच बारीक अक्षरांत, असा काहीसा न्याय आम्ही लावला आहे. आजीने अध्याय वाचावा ही सोय आहे. आजीने कादंबरी वाचावी ही सोय नाही. आमच्या एखाद्या प्रकाशकाने मराठीतल्या गाजलेल्या पंचवीस कादंबऱ्या पोथीच्या अक्षरात काढल्या, तर त्या पडून राहणार नाहीत, असे मला वाटते.

तोवर वाचनालयाने काय करावे? एक टेबल खिडकीजवळ घ्यावे, त्यावर मान वळणारा दिवा ठेवावा, आणि एक मोठे भिंग दोरीने बांधून ठेवावे. (दोरीने अशासाठी की, आपली मंडळी पेनही घरी नेतात.) खर्च काही शेकड्यांत भागेल.

आणि ज्यांची दृष्टी त्याही पलीकडे गेली त्यांचे काय? त्यांच्यासाठी ऐकण्याची पुस्तके आहेत. अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'ने १९३४ पासून अंधांसाठी बोलती पुस्तके काढली. आणि १९६६ साली कायदा विस्तारून, डोळे शाबूत असूनही ज्यांना पुस्तक हातात धरवत नाही त्यांनाही ती मिळू लागली. आपल्याकडे मुंबईला १९५२ साली स्थापन झालेल्या 'नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड' या संस्थेने बोलत्या पुस्तकांचे ग्रंथालय चालविले आहे. २०१२ साली आपल्या प्रताधिकाराच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि अपंग वाचकाला वाचता येईल अशा रूपात, म्हणजे ब्रेलमध्ये, ध्वनिमुद्रित किंवा मोठ्या अक्षरांत, पुस्तकाची प्रत करण्यास मोकळीक मिळाली. याच हेतूने २०१३ साली मोरोक्कोतल्या माराकेश शहरी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, २०१४ साली. २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' नावाचा अशा पुस्तकांचा साठा इंटरनेटवर उपलब्ध आहे. हे सारे आहे. फक्त ज्याच्यासाठी आहे त्या आजोबांना ते ठाऊक नाही. हे त्यांना सांगणारा माणूस म्हणजेच वाचनालय.

तीन पायऱ्या

डोळ्यांनंतर पाय. आमच्या वाचनालयाला रस्त्यावरून चढावयास तीनच पायऱ्या आहेत. गेल्या पावसाळ्यात अण्णा घरातच घसरून पडले, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून त्या तीन पायऱ्या म्हणजे हिमालय झाला. चाळीस वर्षांचा सभासद, वर्गणी कधी थकलेली नाही, पण वाचनालय एकाएकी परगावी गेल्यासारखे झाले.

मी म्हटले, मी पुस्तके आणीन. आणलीही. आणि तिथे माझी एम. ए. ची पदवी कुचकामाची ठरली. मी मोठ्या हौसेने निवडून आणलेली पुस्तके अण्णा चाळीत आणि उशाशी ठेवून देत. "चांगली आहेत," म्हणत. पण वाचीत नसत. एके दिवशी वाचनालयाचा शिपाई सायकलवरून आला आणि दोन पुस्तके देऊन गेला. कोणी सांगितले नव्हते; तो याच बाजूला राहतो, जाता जाता आला. एक जुन्या आगगाड्यांविषयीचे आणि एक शिकारकथांचे. अण्णांनी दोन दिवसांत दोन्ही फस्त केली. वीस वर्षे तो माणूस अण्णांच्या पुस्तकांवर शिक्के मारीत होता. अण्णांची आवड माझ्यापेक्षा त्याला अधिक ठाऊक होती.

पुस्तकाने वाचकाकडे जावे ही कल्पना काही नवी नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून आणले आणि संस्थानभर मोफत वाचनालयांचे जाळे विणावयास घेतले. त्यात पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरत असत. १९३१ साली मद्रास इलाख्यात मन्नारगुडीला बैलगाडीवरचे फिरते वाचनालय निघाले. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ पासून 'ग्रंथ तुमच्या दारी' या योजनेखाली शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या ठिकठिकाणच्या वाचकमंडळांत फिरत्या ठेवल्या आहेत. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने तर अंथरुणाला खिळलेल्या वाचकांच्या घरी पुस्तके पोचविण्याचे काम १९४१ सालीच हाती घेतले, एका दांपत्याने मृत्युपत्रात ठेवलेल्या देणगीतून. आणि १९४६ साली साठीपुढच्या वाचकांसाठी खास मंडळ काढले.

आपल्याकडे क्लीव्हलँडची मोटार नको आणि देणगीही नको. आपल्याकडे सायकल आहे. प्रश्न एवढाच की, शिपायाने आपल्या मनाच्या मोठेपणाने जे केले, ते नियमाने होईल का? आठवड्यातून एक दुपार, शहरातल्या दहा घरांची यादी, त्या फेरीचा वेगळा भत्ता, आणि सोबत एक वही. त्यात कोणाला काय आवडले, काय नावडले याची नोंद. एवढे झाले तरी शहरातल्या दहा खाटांपाशी दर आठवड्याला नवे पुस्तक आणि एक ओळखीचा माणूस येईल. पुस्तकापेक्षा त्या माणसाची वाट अधिक पाहिली जाते, हे मी घरी पाहिले आहे.

सल्ला नव्हे, कागद

आता प्रश्नांकडे वळू. आमच्या ताईंना मी एकदा विचारले, "वडीलधारी मंडळी तुम्हांला काय काय विचारतात?" त्या म्हणाल्या, "सर, पुस्तक एक मागतात, हवे असते दुसरेच."

मृत्युपत्रावरचे पुस्तक मागणाऱ्या आजोबांना कायद्याचा अभ्यास करावयाचा नसतो. त्यांना एवढेच हवे असते की, मृत्युपत्राला मुद्रांक लागतो का? (लागत नाही.) नोंदणी सक्तीची आहे का? (नाही.) साक्षीदार किती? (दोन.) घर मुलाच्या नावे करून देऊन बसलेल्या आजीबाईंना हे हवे असते की, सांभाळण्याच्या अटीवर दिले आणि आता कोणी सांभाळीत नाही, तर काही दाद आहे का? २००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा झाला आहे आणि त्यासाठी न्यायाधिकरण आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. एस. टी.त पासष्टीनंतर अर्धे तिकीट आणि २०२२ पासून पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफत, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, 'आयुष्मान'खाली वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत इस्पितळी उपचारांची सोय झाली आहे, हे फार थोड्यांना. आणि हल्ली सर्वांत भीती टेलिफोनची! "पोलीस बोलतोय, तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे," असे सांगून म्हाताऱ्या माणसांची आयुष्यभराची पुंजी लुबाडणारे भामटे निघाले आहेत. अशी अटक कायद्यात कुठेच नाही आणि फसवणूक झाल्यास ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावयाचे, ही दोन वाक्ये वाचनालयाच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली, तर एखाद्याचे घर वाचेल. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ हा मोफत क्रमांक आहे. तोही त्याच्या खालीच लिहावा.

इथे एक मर्यादा मात्र पाळावयास हवी, आणि आमच्या ताई ती कसोशीने पाळतात. ग्रंथपाल हा डॉक्टर नव्हे, वकील नव्हे, गुंतवणुकीचा दलाल तर नव्हेच नव्हे. कोणती गोळी घ्यावी, कोणाला घर द्यावे, पैसे कुठे ठेवावेत, हे त्याने सांगावयाचे नाही. विश्वासाचा, ताजा, समजेल अशा भाषेतला कागद त्याने पुढे ठेवावा, वर कोणत्या तारखेचा आहे ते दाखवावे, आणि पुढे कोणाकडे जावे ते सांगावे. दुसरे असे की, विचारलेली गोष्ट टेबलापलीकडे जाऊ नये. त्या दिवशी माझ्याजवळ त्यांच्या तोंडून निघून गेले, याची त्यांना इतकी चुटपुट लागली की, त्यांनी दुसऱ्या दिवशी अण्णांची क्षमा मागितली. अण्णा म्हणाले, "बरे झाले ताई. घरात कळायलाच हवे होते. मला सांगणे जमत नव्हते."

असा एक 'माहितीचा कप्पा' प्रत्येक वाचनालयाला करता येईल. पेन्शन, कायदा, आरोग्य, प्रवास आणि मोबाईल अशा पाच फायली. महिन्यातून एकदा जुने कागद काढून नवे लावणे. माणसे कुठून आणावीत? अहो, ती तर सकाळी आठला पायरीवरच बसलेली आहेत! त्यांत बँकेतून निवृत्त झालेले रोखपाल आहेत, तहसील कचेरीतले अव्वल कारकून आहेत, दवाखान्यातल्या परिचारिका आहेत. बुधवारी दहा ते अकरा एकाने टेबलाशी बसावे, शुक्रवारी दुसऱ्याने. मोबाईल शिकवावयास कॉलेजातली पोरे येतील. माझ्या वर्गातली चार जण येऊ लागली आहेत. त्यांना मी एकच अट घातली आहे: आजोबांच्या हातातून फोन घ्यावयाचा नाही. कोलकात्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानची, जे १९७२ साली स्थापन झाले, ज्येष्ठांसाठी असा विभाग काढणाऱ्या ग्रंथालयांना साहाय्य देण्याची योजनाही आहे. कार्यकारी मंडळाने अर्ज तेवढा करावयास हवा.

नवा सभासद

शेवटी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आरंभी मी सकाळच्या वाचनालयाचे जे चित्र काढले, त्यात एकही आजी नव्हती, हे तुमच्या ध्यानात आले का? माझ्या तर कित्येक वर्षे आले नव्हते. आमच्या वाचनालयात 'महिलांसाठी राखीव' अशी पाटी असलेले एक बाक आहे. त्यावर जुन्या मासिकांचे गठ्ठे असत. सकाळी आठ वाजता आजी घरी चहा गाळीत असते, नातवाचा डबा भरीत असते. दुपारी तिला थोडी सवड होते, तेव्हा वाचनालय बंद असते.

अण्णा पडल्यानंतर पुस्तके बदलण्याचे काम हळूहळू आईकडे आले. चौऱ्याहत्तर वर्षांची माझी आई प्रथमच वाचनालयाची पायरी चढली. हातात अण्णांनी लिहून दिलेली चिठ्ठी. ताईंनी पुस्तके काढून दिली आणि विचारले, "आणि काकू, तुम्हांला काय देऊ?"

आई म्हणे गोंधळलीच. मग म्हणाली, "अहो, पन्नास वर्षे हे जे आणीत तेच मी वाचीत आले. मला काय आवडते ते मलाच आधी बघायला हवे. वेळ लागेल."

ताईंनी कपाटाजवळ हाताची खुर्ची ठेवली, बाकावरचे गठ्ठे हलविले आणि म्हटले, "लागू दे. घाई कोणाला आहे?"

त्या महिन्यात आईने स्वतःच्या नावाने अनामत भरली. आता दर मंगळवारी ती दोन पिशव्या घेऊन जाते, एक अण्णांची आणि एक स्वतःची. काय वाचते हे ती मला सांगत नाही आणि मीही विचारीत नाही. कार्यकारी मंडळाकडे तिने एक अर्ज दिला आहे: वाचनालय दुपारी दोन ते चार उघडे असावे. खाली अकरा सह्या आहेत, साऱ्या आजीबाईंच्या.

वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेची वर्गणी यंदा आमच्या घरातून दोघांची गेली आहे. अंक कोणाच्या हाती आधी पडणार यावरून घरात आताच कुरबुर सुरू झाली आहे. तुमच्या घरीही कोणी वडीलधारे असतील. या दिवाळीला त्यांच्यासाठी धोतर, लुगडे, मिठाई जे आणाल ते आणा. पण एक दिवस सवड काढून त्यांना जवळच्या वाचनालयात घेऊन जा, त्यांच्या नावाचे कार्ड काढा, आणि मग थोडे दूर जाऊन उभे राहा. त्यांना काय विचारावयाचे आहे ते त्यांचे त्यांना विचारू द्या.